अठ्ठेचाळीस व्होल्ट

घाई नको, एफी.
लोक अजून कोट उतरवतायत,
बुटांवरचा बर्फ दारात आपटतायत.
रॉडरिक फिडल कानाशी धरून तिच्यावरच कुरकुरतोय.
चहाची किटली अजून बोललेली नाही.

आधी सगळी बटणं शून्यावर.
मग तारा. मग ॲम्प्लिफायर.
आणि हा प्लग तीन पायांचाच राहू दे.
गुणगुण थांबावी म्हणून गेल्या हिवाळ्यात
कुणीतरी त्याचा गोल पाय कापला होता.
गुणगुण थांबली खरी.
मग मॅल्कमचे ओठ माइकला टेकले
आणि तोही थांबला,
एका शब्दाच्या ऐन मध्यावर.
अजून तो शब्द आला की अडखळतो.

रिव्हर्ब मिठासारखा घाल:
चव लागावी, मीठ लागू नये.
लाकडी छताचा हा हॉल तसाही
प्रत्येक सूर दोनदा म्हणतो.
गिटारचा डबा घुमायला लागला
तर सगळा आवाज मारू नकोस,
तो एकच माजलेला सूर शोध,
हळूच कान पिळ त्याचा. बस.

आता हे लाल बटण.
याला फँटम म्हणतात, आणि उगाच नाही.
ज्या तारेतून आवाज वर येतो
तिच्यातूनच वीज खाली जाते,
एकमेकींचा धक्का न लागता.
आमच्या खाणीच्या पाळण्यासारखं,
कोळसा वर, माणसं खाली,
एकाच विहिरीतून.

तुझ्या नव्या माइकला ही वीज हवी.
त्याशिवाय तो मुका.
पण शेजारी मेरी-कॅथरीनचा जुना रिबन माइक आहे,
आणि बटण एकच, दोघांना मिळून.
त्याच्या पोटात ॲल्युमिनियमची पट्टी आहे,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात.
याच्यावर मात्र फुंकायचंसुद्धा नाही.

मी एक मारलाय तसला.
तार आतून उलटी जोडलेली, मी न तपासता बटण दाबलं.
धूर नाही, ठिणगी नाही, वास नाही.
फक्त त्यानंतर त्यातून येणारा प्रत्येक माणूस
घोंगडीखालून बोलतोय असं वाटायचं.
मालकानं मला काही म्हटलं नाही.
त्यानं तो मोज्यात गुंडाळला आणि घरी नेला.

म्हणून रिबन आधी काढायचा, लांब ठेवायचा.
पेडलच्या पलीकडून तीन काट्यांची तार येत असेल
तर वीज उलटी त्याच्याही पोटात शिरेल, तीही बघायची.
मग बटण. मग दहा आकडे.
मग आवाज, दार किलकिलं करावं तसा.

तू हसतेस.
एवढ्याशा गाण्यासाठी एवढं सोवळं?

खाणीत आमच्या विजेच्या पेटीला
प्रत्येकाचं आपलं कुलूप असायचं.
पाच जण खाली, पाच कुलुपं.
आपण वर आल्याशिवाय आपलं काढायचं नाही,
आणि शेवटचं निघाल्याशिवाय खटका ओढायचा नाही.
एका मंगळवारी नील किल्ली घरी विसरला होता.
चार कुलुपं होती.
चारही निघाली.

चल, किटली बोलली.
वाजव तू. छान वाजव.

…

साडेअकरा. खुर्च्या भिंतीला लागल्या.
बाहेर गाड्यांच्या काचा खरवडल्याचा आवाज.
एफी आवाज शून्यावर आणते, लाल बटण बंद करते.
तिचा हात तारेकडे जातो
आणि हवेतच थांबतो.
अजून उरली असते वीज थोडी,
निरोप घेऊनही दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखी.

ती मोजतेय, आमच्या जुन्या गेलिकमध्ये.
तिला वीसपर्यंतच येतं.
वीस झाले की माझ्याकडे बघते,
आणि पुन्हा एकपासून सुरू करते.